आजीने लिहिलेला युद्धाचा इतिहास

1928 साली कलकत्त्यात एक जाडजूड बंगाली पुस्तक निघाले. नाव ‘कल्याण-प्रदीप’. लेखिका मोक्षदा देवी, वय ऐंशीच्या घरात. पुस्तक होते त्यांच्या नातवाचे चरित्र. नातू म्हणजे कॅप्टन कल्याणकुमार मुखोपाध्याय. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला हा डॉक्टर पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेला, तुर्कांच्या कैदेत सापडला आणि 1917 मध्ये रास अल-ऐन नावाच्या वाळवंटी ठाण्यावर मरण पावला. ब्रिटिशांचा ‘मिलिटरी क्रॉस’ त्याला मिळालेला होता.

गेलेल्या माणसाचे छोटेखानी चरित्र छापून आप्तांत वाटायची रीत आपल्याकडेही आहे. फोटो, वंशावळ, शाळेतली हुशारी, दोन-चार पत्रे, शेवटचे आजारपण. मोक्षदा देवींच्या पुस्तकात हे सगळे आहेच. पण त्यावर त्यांचे समाधान झाले नाही. नातवाने धाडलेली पत्रे त्यांनी क्रमाने लावली आणि ज्या मोहिमेत तो होता त्या मोहिमेचा इतिहास शोधून त्या पत्रांच्या मधे मधे बसवला. फौज कधी निघाली, कोणत्या नदीकाठी कोणती लढाई झाली, कोणत्या सेनापतीने काय ठरवले, वेढा कसा पडला. घरातले दुःख आणि युद्धाचा नकाशा एकाच पुस्तकात. लष्करी इतिहास लिहिणे हा तेव्हा निवृत्त साहेबलोकांचा प्रांत होता. त्यात ही म्हातारी शिरली, कारण ‘कल्याण कसा गेला’ हे तिला कळले होते आणि ‘कशासाठी गेला’ हे कळायचे होते.

बाई तशा सामान्य नव्हत्या. 1885 च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, त्याचे अध्यक्ष उमेशचंद्र बॅनर्जी हे त्यांचे भाऊ. 1870 च्या सुमारास, बायकांनी लिहिणे हेच नवल असण्याच्या काळात, त्यांनी ‘बंगमहिला’ नावाचे नियतकालिक चालवले होते. म्हणजे लेखणीचा सराव होता, घरात राजकारण होते, कागदपत्रे मिळवण्याइतकी ओळखपाळख होती. जिथे यातले काहीच नव्हते अशी हजारो घरे सातारा-रत्नागिरीत होती. कल्याण ज्या फौजेत होता तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’ होते. तेव्हा बंगाली आजीचा प्रश्न आपल्याला परका नाही.

घरचे माणूस लढाईत गेले की ‘कशासाठी?’ हा एकच प्रश्न विचारला जातो खरा, पण त्याच्या पोटात तीन प्रश्न असतात. हे युद्ध पेटले कशासाठी? आपला माणूस त्यात का होता? आणि ज्या दिवशी, ज्या ठिकाणी तो मेला, तिथे त्याला कोणी आणि का नेऊन ठेवले? सरकारे यातल्या पहिल्याचे उत्तर मोठ्या आवाजात देतात, आणि त्यात बाकी दोन्ही आले असे गृहीत धरतात. मेसोपोटेमियाची मोहीम समजून घेताना हे तिन्ही सुटे करावे लागतात, कारण तिथे तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत.

पहिला प्रश्न घेऊ. इराणच्या नैर्ऋत्य भागात 1908 मध्ये तेल लागले. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली, आणि शत-अल-अरब नदीतल्या अबादान बेटावर तेलशुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला. ब्रिटिश आरमार त्याच काळात कोळशावरून तेलावर येत होते. विन्स्टन चर्चिल तेव्हा आरमार खात्याचे मंत्री. त्यांच्या आग्रहाने 1914 च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सरकारने या कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले. नदीच्या पलीकडच्या काठावर तुर्की साम्राज्य होते. त्यातून जर्मन इंजिनियर बर्लिन ते बगदाद अशी रेल्वे टाकत होते, ती उद्या आखाताला भिडली तर हिंदुस्थानच्या दाराशी जर्मनी येऊन बसेल, ही धास्ती लंडन आणि सिमला दोन्हीकडे होती. आखातातले शेख-अमीर इंग्रजांच्या बाजूने राहावेत, हाही हिशेब होता.

म्हणून ऑक्टोबर 1914 च्या मध्याला पूना डिव्हिजनची एक ब्रिगेड मुंबईहून जहाजांत बसून निघाली. तारखा नीट पाहाव्यात. तुर्कस्तानाविरुद्ध ब्रिटनने युद्ध पुकारले 5 नोव्हेंबरला. फौज त्याआधी तीन आठवडे समुद्रावर होती, आणि 6 नोव्हेंबरला ती फाओच्या किनाऱ्यावर उतरलीसुद्धा. या ब्रिगेडमध्ये 117 वी मराठा पलटण होती. मागून 103 वी आणि 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री आली. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हातात आला. तेल सुरक्षित, बंदर ताब्यात, शेख खूश. ज्यासाठी फौज धाडली होती ते काम, ढोबळ मानाने, झाले होते.

इथे थांबले असते तर कूत अल-अमारा हे नाव कोणाला ठाऊक झाले नसते, आणि कल्याण कदाचित कलकत्त्याला परत येऊन दवाखाना थाटून बसला असता.

थांबले नाहीत. बसरा राखायचा तर वरचे कुर्ना हवे, कुर्ना राखायचे तर अमारा हवे, अमारा हाती आल्यावर कूत का नको? डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंड जून 1915 मध्ये अमाऱ्याला पोचला, सप्टेंबरअखेर कूतला. प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्याच्या रक्षणासाठी म्हणून घेतलेला. बसऱ्यापासून नदीमार्गाने फौज शेकडो मैल वर गेली, आणि तिची रसद, औषधे, जखमींना खाली आणणारी जहाजे मात्र बसऱ्याच्या पहारेकरी फौजेला पुरतील इतकीच राहिली. मग ऑक्टोबर 1915 मध्ये लंडनच्या मंत्रिमंडळाने बगदादवर चालून जायला संमती दिली. कारण? गॅलिपोलीत तुर्कांनी इंग्रजांना धूळ चारली होती, आणि पूर्वेकडच्या प्रजेपुढे गेलेली पत परत मिळवायला कुठेतरी ठळक विजय हवा होता. मोहिमेचा सरसेनापती जनरल निक्सन म्हणत होता की जमेल. टाउनशेंडला स्वतःला शंका होती, पण तो गेला.

म्हणजे 1914 चे कारण तेल, आणि 1915 चे कारण अब्रू. युद्धाच्या बाबतीत हे फार वेळा होते, आणि मागे राहिलेल्या नातलगाला सर्वांत जास्त चकवा इथेच बसतो. तो पाठ्यपुस्तक उघडून युद्धाची कारणे वाचतो, आणि ती त्याच्या माणसाच्या मरणाला लागूच पडत नाहीत. सुरू होण्याचे कारण एक, चालू राहण्याचे दुसरे. चालू राहण्याच्या कारणांत मेलेली माणसेही मोजली जातात: इतके गेले, आता मागे फिरलो तर ते फुकट गेले. हा युक्तिवाद करणारा बहुधा स्वतः खंदकात नसतो. पण तो पटतो मात्र ज्यांच्या घरातला माणूस खंदकात गेला त्यांना, कारण त्यांना तो पटवून घ्यावासा वाटतो.

आता कल्याणचे पत्र. त्याच ऑक्टोबर 1915 मध्ये, म्हणजे लंडनला बगदादचा निर्णय होत होता तेव्हा, हा डॉक्टर घरी आईला लिहीत होता. जखमींवर मलमपट्टी करण्यात कित्येक महिने गेले होते. या पत्रात तो शत्रूला शिव्या देत नाही, दैवाला दोष देत नाही. तो देशभक्तीलाच पकडतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: इंग्रजांनी आम्हाला जी देशभक्ती शिकवली, जिचे सगळी सुधारलेली राष्ट्रे गोडवे गातात, तीच या रक्तपाताच्या मुळाशी आहे, तिचा अर्थ शेवटी दुसऱ्याचा देश हिसकावणे एवढाच निघतो. आणि बाँब टाकणारी आपली बंगाली पोरेही तेच या गुरूंकडून शिकली, हेही तो सांगून टाकतो. रवींद्रनाथांनी राष्ट्रवादावरची आपली गाजलेली व्याख्याने पुढच्या वर्षी, 1916 मध्ये, जपान आणि अमेरिकेत दिली. तैग्रिस नदीच्या काठावरचा एक लष्करी डॉक्टर त्यांच्या आधी त्याच जागी पोचला होता, आणि तोही गणवेशात.

मोक्षदा देवींनी हे पत्र छापले. माझ्या मते पुस्तकातला सर्वांत धाडसी निर्णय हाच. नातवाला वीर म्हणून उभे करायचे तर हे पत्र अडचणीचे होते. त्याला मिळालेले पदक आणि त्याने पदक देणाऱ्यांविषयी काढलेला निष्कर्ष, दोन्ही त्यांनी वाचकापुढे ठेवले. शोकग्रंथात सहसा असे होत नाही. तिथे गेलेल्याचे तोंड आपण बंद करतो आणि त्याच्या वतीने आपणच बोलतो.

दुसरा प्रश्न, तो तिथे का होता? कल्याणपुरते उत्तर सोपे आहे: सरकारी वैद्यकीय नोकरी. मराठी शिपायांचे तितकेसे सोपे नाही. रत्नागिरीच्या कातळावर आणि साताऱ्याच्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीवर घर चालत नव्हते. एक भाऊ मुंबईच्या गिरणीत, एक पलटणीत, हा हिशेब महायुद्धाच्या आधीपासूनचा. शिपायाचा पगार युद्धाच्या सुरुवातीला महिन्याला 11 रुपये होता. त्याच्या जोडीला घराण्याची रीत होती, गावातल्या पेन्शनर सुभेदाराचा दरारा होता, नंतर नंतर मामलेदार-पाटलांचा रेटाही आला. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे 46 जवान या युद्धात कामी आले. आज ते गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते.

पुढाऱ्यांची कारणे आणखी निराळी. लोकमान्य टिळक मंडालेहून जून 1914 मध्ये सुटून आले आणि युद्ध सुरू होताच त्यांनी सरकारला सहकार्य देऊ केले. पण ते फुकटचे नव्हते. शिपाई हवेत तर स्वराज्य द्या, हिंदी माणसाला अधिकारपदे द्या, हा त्यांचा सौदा होता. 1918 मध्ये मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन यांच्या युद्धपरिषदेत त्यांनी राजकीय मागणीचा विषय काढला, तेव्हा त्यांना बोलू दिले नाही. टिळक उठून बाहेर पडले. गांधीजी त्याच वर्षी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडत होते. टिळकांनी त्यांना 50,000 रुपयांचा चेक धाडला: हिंदी लोकांना लष्करात अधिकारपदे मिळतील असे वचन तुम्ही सरकारकडून आणा, मी 5,000 मराठे उभे करतो, नाही जमले तर हे पैसे तुमचे. गांधीजींनी चेक परत केला. अहिंसेचा पुजारी भरती करतो आणि जहाल पुढारी अटी घालतो, असा हा उलटा प्रसंग.

महार समाजाला तर भरतीच बंद करण्यात आली होती. पिढ्यान् पिढ्या पलटणीत असलेल्या या समाजाची सरकारकडे गाऱ्हाणी चालू होती. माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभी केली गेली, आणि गरज सरल्यावर 1921 मध्ये मोडण्यात आली. त्या पलटणीत नाव घातलेल्या माणसासाठी युद्ध तेलासाठीही नव्हते आणि बादशहासाठीही नव्हते. दरवाजा उघडला होता, तो पुन्हा लागायच्या आत शिरायचे होते.

तेव्हा ‘तो देशासाठी लढला’ किंवा ‘तो परक्यांसाठी फुकट मेला’, ही दोन्ही वाक्ये आपण मागाहून बसून तयार केलेली आहेत. त्याच्या घरात यातले एकही बोलले गेले असेल असे वाटत नाही. तिथे पगाराची, रजेची आणि पत्राची गोष्ट होत असणार.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण, आणि सर्वांत खरा. नोव्हेंबर 1915 च्या अखेरीस बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला लढाई झाली. टाउनशेंडचे सुमारे 4,600 लोक मेले किंवा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांवर घालून नदीपर्यंत आणले आणि मग जहाजांत नि पडावांत कोंबून बसऱ्याकडे सोडले. ‘मेजिदिये’ नावाचे असे एक जहाज बसऱ्याला लागले तेव्हा मेजर कार्टर नावाचा डॉक्टर धक्क्यावर होता. दुरून त्याला वाटले की जहाजाच्या कडेवरून दोरखंड लोंबत आहेत. जवळ आल्यावर दिसले, की ती मानवी विष्ठा होती. हगवण लागलेली, हाडे मोडलेली माणसे कित्येक दिवस उघड्या डेकवर होती तिथेच पडून राहिली होती. कार्टरने तक्रार केली, तर वरिष्ठांनी त्यालाच दमात घेतले.

मागे फिरलेली फौज 3 डिसेंबरला कूतला पोचली, आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा घातला. मराठ्यांच्या तिन्ही पलटणी आत होत्या. कल्याणही आत होता. वेढा 147 दिवस चालला. धान्य संपत आले तेव्हा घोडे मारून खायला सुरुवात झाली. हिंदू आणि मुसलमान शिपाई महिनोन् महिने ते मांस खाईनात. खायला हरकत नाही, असे धर्मगुरूंचे अभिप्राय हिंदुस्थानातून मागवावे लागले. तोवर स्कर्व्हीने हिरड्या सडू लागल्या होत्या, काठावरचे गवत उपटून उकडून खाल्ले जात होते. विमानातून पिठाची पोती टाकण्यात आली, दळणासाठी जात्याचे दगडसुद्धा टाकले. वेढा फोडायला बसऱ्याहून आलेल्या फौजेचे सुमारे 23,000 लोक कामी आले किंवा जखमी झाले, म्हणजे ज्यांना सोडवायचे होते त्यांच्यापेक्षा जास्त. शेवटी तुर्की सेनापतीला पैसे देऊन फौज सोडवायचाही प्रयत्न झाला. त्या बोलणीला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता. तुर्कांनी नकार दिला. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 माणसे शरण आली.

टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, कैदेत असतानाच त्याला ‘सर’ही केले. शिपाई वाळवंटातून चालत गेले. त्यांतले हजारो परतले नाहीत. रास अल-ऐनला त्यांना ज्या कामावर जुंपले होते ते काम कोणते? बर्लिन-बगदाद रेल्वेचे. ज्या रेल्वेच्या धास्तीने ही मोहीम निघाली त्याच रेल्वेची माती हे कैदी उपसत होते. कल्याण तिथेच गेला. त्याच्या मरणाच्या आसपास, मार्च 1917 मध्ये, दुसऱ्या एका ब्रिटिश सेनापतीने बगदाद घेतले.

या गोंधळाची चौकशी झाली, हे नमूद केले पाहिजे. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालचे मेसोपोटेमिया कमिशन नेमले गेले आणि त्याचा अहवाल युद्ध चालू असतानाच, जून 1917 मध्ये, लंडनला प्रसिद्ध झाला. कार्टरची साक्ष त्यात आहे. निक्सनवर सर्वांत जास्त ठपका, व्हाइसरॉय हार्डिंगवरही ठपका. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी मॉन्टेग्यू आले, आणि महिनाभरात हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा झाली. आपल्या शालेय इतिहासात ती घोषणा येते, तिच्यामागचे कूत येत नाही.

यातल्या हार्डिंग यांच्याविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. ज्यांच्या सरकारने ही फौज धाडली त्या व्हाइसरॉयचा थोरला मुलगा एडवर्ड फ्रान्सच्या आघाडीवर जखमी होऊन डिसेंबर 1914 मध्ये मरण पावला. त्याच वर्षी जुलैत त्यांची पत्नी गेली होती. म्हणजे बगदादच्या निर्णयात सामील असलेला हा माणूस स्वतः शोकात होता. आपले मूल गेले की माणूस दुसऱ्यांची मुले जपून वापरेल, असे आपल्याला वाटते. तसे होईलच असे नाही.

शोक माणसाला कुठल्याही दिशेला नेतो. रुडयार्ड किपलिंग, जन्म मुंबईचा. त्यांच्या मुलाची नजर इतकी अधू की लष्कराने त्याला नाकारले होते. बापाने ओळखी लावून त्याला आयरिश गार्ड्समध्ये घातले. सप्टेंबर 1915 मध्ये लूच्या लढाईत तो बेपत्ता झाला. मेसोपोटेमियाचा अहवाल आल्यावर किपलिंगनी वरिष्ठांवर जळजळीत कविता लिहिली, पण साम्राज्यावरचा त्यांचा विश्वास ढळला नाही. बर्लिनची चित्रकार केटे कोल्विट्झ हिचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. वय कमी असल्याने त्याला बापाची संमती लागत होती. आणि ती द्या म्हणून नवऱ्याला गळ घातली होती खुद्द आईने. सुरुवातीची काही वर्षे ती त्या बलिदानाच्या कल्पनेला धरून होती. चार वर्षांनी, जर्मनी हरत असताना, उरलेल्या पोरांनाही आघाडीवर धाडा असे आवाहन एका नामवंत कवीने केले, तेव्हा तिने वृत्तपत्रातून जाहीर विरोध केला. मुलाच्या स्मारकासाठी तिने केलेले आईबापांचे पुतळे 1932 मध्ये बेल्जियमच्या दफनभूमीत बसवले गेले. त्यांत मुलगा नाही, गुडघ्यावर बसलेली दोन म्हातारी माणसे आहेत.

मृत्यूचा अर्थ लावणे आणि मृत्यूतून काही चांगले निघाले असे मानणे, या दोन गोष्टी शोकाचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ वेगळ्या धरतात. दुसरी गोष्ट सरकारे तयार करून देतात. पहिली स्वतःच करावी लागते, आणि ती करायला माहिती लागते. मोक्षदा देवींनी ती मिळवली. सातारा-रत्नागिरीच्या आयांना काय मिळाले?

एक पेन्शन. आणि ब्राँझची एक जड गोल ढाल, जेवणाच्या वाटीच्या तोंडाएवढी, 12 सेंटिमीटर व्यासाची. साम्राज्यातल्या ज्या ज्या घरचा माणूस मेला त्या घरी ती पाठवण्यात आली. तिच्यावर त्रिशूळधारी ब्रिटानिया, शेजारी सिंह, एका चौकटीत मृताचे नाव, हुद्दा वगळून. कडेने इंग्रजीत कोरलेले वाक्य सांगते की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. ‘कशासाठी?’ याचे हे अधिकृत उत्तर. ज्या घरी ते जात होते तिथे ते कोणाला वाचता येत नव्हते, आणि ज्या देशात ते जात होते तिथे ते स्वातंत्र्य नव्हते. निदान नाव तरी होते. काही गावांना संगमरवरी पाटी मिळाली, तिच्यावर तेही नाही: या गावातून इतके गेले, इतके मेले.

बसऱ्याला 1929 मध्ये मोठे स्मारक उभे राहिले. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा 40,500 हून जास्त लोकांसाठी ते आहे, आणि त्यांतले बहुसंख्य हिंदी. गोऱ्या शिपायांची नावे भिंतीवर कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा फक्त पलटणवार आकडा. युद्धकबरींच्या ज्या आयोगाने हे केले त्याच्या स्मारकांसाठी ‘नाव अमर राहील’ अशा अर्थाचे बायबलमधले वचन किपलिंगनी निवडून दिले होते. 2021 मध्ये याच आयोगाने स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढला आणि या भेदभावाबद्दल माफी मागितली: आफ्रिका आणि आशियातले किमान 1,16,000, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृत नावाने नोंदलेच गेले नाहीत किंवा अजिबात नोंदले गेले नाहीत.

2003 मध्ये ब्रिटिश फौज पुन्हा बसऱ्यात उतरली. या वेळी त्यांचे 179 लोक मेले, आणि त्यांच्या आईबापांनी हेच तीन प्रश्न विचारून सरकारला हैराण केले. सर जॉन चिलकॉट यांचा बारा खंडांचा अहवाल जुलै 2016 मध्ये आला. शांततेचे मार्ग संपलेले नसताना युद्ध केले, आणि सैनिकांना पुरेशी सामग्री न देता धाडले, असे त्यात आहे. 1917 चा अहवाल वाचलेल्याला दुसऱ्या मुद्द्यात नवे काही दिसणार नाही. दोन्ही वेळा इराकी घरांना मात्र कोणी साक्षीला बोलावले नाही. कूत पडल्यावर इंग्रजांना मदत केली म्हणून तुर्कांनी तिथल्या काही अरबांना फाशी दिले होते. 1920 मध्ये इराकी लोक इंग्रजांविरुद्ध उठले तेव्हा ते बंड मोडायला जी फौज वापरली तिच्यात पुन्हा हिंदी पलटणीच होत्या. मराठी घराने आपल्या पणजोबाचा माग काढायला घेतला तर हेही पान त्यात निघणार.

आणि माग काढता येतो. बसऱ्याच्या भिंतीवर नसलेली पुष्कळ नावे आता युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत: नाव, पलटण, क्रमांक, मृत्यूची तारीख, कधी बापाचे आणि गावाचे नावही. स्पेलिंग कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे. शिंदे, सावंत, कदम यांची तीन-तीन रूपे शोधून पाहावी लागतात, आणि तालुका चुकीचा असू शकतो. तारीख मिळाली की पलटणीची रोजनिशी पाहायची. ती लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्या दिवशी पलटण कुठे होती, पुढे जायचा हुकूम कोणाचा होता, रात्री पाणी मिळाले की नाही, हे बहुधा तिथे चार ओळींत सापडते. त्यानंतर कमिशनचा अहवाल उघडून तोच आठवडा वाचायचा.